ट्रेनिंगला गेलेल्याच्या घराला पोस्ट किती कामाचं? सातारा-सांगलीहून परीक्षण

मुलगा किंवा नवरा भरती होऊन ट्रेनिंगला गेला, की पहिले दोन-तीन आठवडे घरात एकच विषय असतो: फोन कधी येणार. प्रशिक्षण केंद्रात मोबाईल ठरलेल्या वेळीच हातात मिळतो, बहुतेक ठिकाणी रविवारी, आणि तोही थोडाच वेळ. "जेवलास का, पाय दुखतायत का" एवढ्यात तो वेळ सरतो. बँकेचा फॉर्म, लग्नाचा दाखला, लेकराचा ताप, बियाण्याचे पैसे हे सगळं बोलायचं राहतं. हे राहिलेलं पोचवणारी एकच यंत्रणा वाडीवस्तीपर्यंत आहे, ती म्हणजे पोस्ट. म्हणून ट्रेनिंगच्या महिन्यांत पोस्टाची कोणती सेवा कशासाठी वापरावी आणि कोणती टाळावी, ते इथं मांडलं आहे.

निकाल आधीच सांगायचा तर आंतरदेशीय पत्राला पूर्ण गुण. कागदपत्रांसाठी स्पीड पोस्टला पाचातले चार. खाऊच्या पार्सलला दोनच. पोस्टमनकडून घरी पैसे मिळण्याच्या सोयीला साडेतीन. तिची गरज मोठी आहे, पण ती कुठं अडते ते माहीत असेल तरच उपयोग.

घर कोणतं, यावर थोडा फरक पडतो. अग्निवीराला भरतीच्या वेळी अविवाहित असण्याची अट आहे आणि चार वर्षं लग्नही करता येत नाही, त्यामुळे तिथं मागं राहतात आई-वडील आणि बहिणी. सीआरपीएफ, बीएसएफ, आयटीबीपी, सीआयएसएफ या दलांत लग्न झालेले गडीही भरती होतात. तिथं मागं बायको असते, कधी कडेवर मूल. दुसऱ्या घराला पोस्ट जास्त लागतं, कारण नॉमिनेशन आणि बायको-मुलांची नावं कागदोपत्री लावून घेणं ही कामं ट्रेनिंगमध्येच सुरू होतात, आणि त्यांचे निम्मे कागद गावातूनच जायचे असतात.

सगळ्यात आधी पत्ता, कारण टपाल अडतं किंवा परत येतं ते बहुधा पत्त्यामुळं. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात एका वेळी किती पाटील, जाधव आणि शिंदे असतील याचा विचार करा. नुसतं नाव आणि "मिलिटरी कॅम्प, बेळगाव" लिहिलेलं पत्र त्याच्या कंपनीपर्यंत, म्हणजे तुकडीपर्यंत, पोचायला नशीब लागतं. पहिल्या फोनवर पाच गोष्टी विचारून कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवा: त्याचा दलातला नंबर, कंपनी, प्लाटून (कंपनीतली छोटी तुकडी), केंद्राचं पूर्ण नाव आणि पिन कोड. पाकिटावर हाच क्रम ठेवा. आधी नंबर, मग रिक्रूट किंवा अग्निवीर, मग पूर्ण नाव, खाली प्लाटून आणि कंपनी, त्याखाली केंद्र, शहर, पिन. नंबर अजून पडला नसेल तर तो कळेपर्यंत पहिलं पत्र थांबवा. चार दिवस उशीर परवडतो, पण गल्लत झालेलं पत्र महिनाभर कुणाच्या तरी टेबलावर पडून राहतं.

पोरगा बेळगावलाच असेल असं नाही. कामठीचं गार्ड्सचं केंद्र, खडकीचं बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, नाशिक रोडचं तोफखाना केंद्र, अहिल्यानगरचं रणगाडा दलाचं केंद्र, जबलपूरचं सिग्नल्स, मध्य प्रदेशातल्या सागरचं महार रेजिमेंट, कुठंही असू शकतो. महाराष्ट्राबाहेरच्या पत्त्यावर देवनागरीबरोबर इंग्रजीतही ओळ लिहा. वाटेत छाटणी करणाऱ्याला मराठी येतंच असं नाही. पिन कोडचा पहिला आकडा नीट पाहा. महाराष्ट्राचे पिन ४ ने सुरू होतात (सातारा ४१५००१, सांगली ४१६४१६), बेळगावचे ५९ ने. पिन ९ ने सुरू होत असेल आणि पत्त्यात ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (एपीओ म्हणजे सैन्याचं डाकघर) असेल, तर ते सैन्याच्या टपालसेवेतून जातं. त्या पत्त्यावर गावाचं, जिल्ह्याचं, राज्याचं नाव लिहायचं नाही. घरची माणसं मायेपोटी "जम्मू काश्मीर" असं जोडतात. मग नागरी टपाल ते पत्र भलत्या वाटेनं पाठवतं. शिवाय तो कुठं आहे हे पाकिटावर उघडं करणं बरोबरही नाही.

आता आंतरदेशीय पत्र, म्हणजे ते निळं घडीचं. किंमत २ रुपये ५० पैसे. सैन्यात अग्निवीराचं ट्रेनिंग ३१ आठवड्यांचं असतं. आठवड्याला एक पत्र धरलं तर सगळ्या ट्रेनिंगचा खर्च ७७ रुपये ५० पैसे. एवढ्या पैशांत दिवसभर दमलेल्या माणसाला निजताना पुन्हा पुन्हा वाचता येईल अशी दुसरी वस्तू मिळत नाही. फोनवरचं बोलणं ऐकलं की संपतं, आणि तेही रांगेत मागं उभ्या असलेल्यांच्या कानावर जातं.

याचे नियम थोडे पण कडक आहेत. आत काहीही घालायचं नाही: फोटो नाही, अंगारा नाही, नोट तर मुळीच नाही. आत काही घातलं की ते आंतरदेशीय पत्राच्या दरात बसत नाही, आणि टपालखर्च कमी पडला तर कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे पत्र घेणाऱ्याला भरावे लागतात. जुनी माणसं याला नॉटपेड म्हणतात. ट्रेनिंगमधल्या पोराचं पत्र नॉटपेड झालं, तर ते सोडवून घ्यायला तो पोस्टात जाऊ शकत नाही. लेकराचं चित्र पाठवायचं असेल तर ते वेगळ्या कागदावर न काढता पत्राच्या आतल्या घडीवरच काढायला लावा, उलट जास्त गोड दिसतं. जेल पेन टाळा, बॉलपेन वापरा; पावसाळ्यात महाबळेश्वर-पाटणच्या बाजूला थैली ओली झाली तर जेलची शाई पसरते आणि पहिल्यांदा पत्ता पुसला जातो. कडेचा गोंद हवेतल्या ओलीनं आधीच चिकटलेला असेल तर खुशाल डिंक लावा, पण स्टेपलर मारू नका. छाटणीत पिन अडकून कागद फाटतो.

प्रत्येक पत्रावर तारखेच्या वर क्रमांक घाला. पत्र १, पत्र २ असं. त्यानं उत्तरात "सातवं मिळालं, सहावं नाही" एवढं लिहिलं की नेमकं काय पोचलं नाही ते कळतं, आणि "मी लिहिलं होतं ना" हा वाद होत नाही. साधं पत्र सांगलीहून बेळगावला चार-पाच दिवसांत जातं असं धरा, लांबच्या केंद्राला आठवडा ते दहा दिवस. म्हणून पत्रात आजची अडचण लिहू नका. आईला काल ताप होता असं लिहिलं, तर पत्र वाचेपर्यंत ती शेतात गेलेली असते आणि तो मात्र पुढचा रविवार येईपर्यंत काळजी करतो. दुखणं लिहायचंच असेल तर डॉक्टरांनी काय सांगितलं, औषध काय चालू आहे, आता कसं आहे, हे पुरतं लिहा. अर्धवट बातमीचा त्रास न लिहिण्यापेक्षा जास्त होतो.

उत्तर यावं म्हणून तजवीज आपणच करायची. केंद्रात पोरांना पत्रं विकत घ्यायला वेळ मिळत नाही. दोन कोरी आंतरदेशीय पत्रं घ्या, त्यांवर आपल्या घरचा पत्ता लिहा, ती घडी करून एका ५ रुपयांच्या पाकिटात घाला. हे पाकीट २० ग्रॅमपर्यंत चालतं आणि दोन पत्रं त्यात सहज बसतात. महिन्यातून एकदा असं पाकीट गेलं की उत्तरांची संख्या वाढते. त्याच पाकिटात एखादा फोटोही जातो.

खेड्यातल्या शाखा डाकघरातून पाठवत असाल तर थैली कधी निघते ते विचारून घ्या. शाखा डाकघराचं काम दिवसातून चार-पाच तासांचं असतं आणि थैली दिवसातून एकदा जाते. ती बंद झाल्यावर अर्ध्या तासानं टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी निघतं. दुसरा दिवस रविवार असेल तर सोमवारी. रस्त्यावरच्या लाल पेटीवर उघडण्याची वेळ लिहिलेली असते, ती वाचूनच पत्र टाका. घाई असेल तर तालुक्याच्या किंवा मुख्य पोस्टात जाऊन दिलेलं बरं.

स्पीड पोस्ट १ ऑगस्ट १९८६ ला सुरू झालं, आणि २०२५ मध्ये जुनं रजिस्टर टपाल त्यातच मिसळलं. गावात अजून "रजिस्टर करा" म्हणतात. काउंटरवर स्पीड पोस्टच होतं. १ ऑक्टोबर २०२५ च्या दरांप्रमाणे ५० ग्रॅमपर्यंत शहराबाहेर कुठंही ४७ रुपये. ५१ ते २५० ग्रॅमला २०० किलोमीटरपर्यंत ५९, त्यापुढं ५०० किलोमीटरपर्यंत ६३. वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे सांगलीहून बेळगावला चार-पाच कागदांचं पाकीट साधारण ५५ रुपये ५० पैशांना पडतं. वजनाची पायरी सांभाळा: ए-फोर कागद साधारण ५ ग्रॅमचा, मोठं पाकीट १०-१५ ग्रॅमचं. सहा-सात कागदांपर्यंत ५० च्या आत राहता, आठव्याला पुढच्या पायरीवर जाता. मूळ कागद मुडपू नये म्हणून घातलेला पुठ्ठा या हिशेबात धरायचा.

पाच रुपये आणि कर जास्त देऊन "रजिस्ट्रेशन" घेता येतं; मग टपाल पत्त्यावरच्या कुणाच्याही हातात न देता ज्याच्या नावचं आहे त्यालाच किंवा त्यानं नेमलेल्याला देतात. आणखी तेवढ्याच पैशांत ओटीपीवर देण्याची सोय आहे. ट्रेनिंगमधल्या माणसासाठी या दोन्ही सोयी घेऊ नका. टपाल येतं तेव्हा तो मैदानावर असतो, मोबाईल जमा असतो, ओटीपी कुणाला जाणार? साध्या स्पीड पोस्टानं ते केंद्राच्या टपाल घेणाऱ्याकडे जातं आणि तिथून कंपनीत. उलट तो तिकडून काही मूळ कागद बायकोच्या नावानं घरी पाठवणार असेल, तेव्हा रजिस्ट्रेशन जरूर घ्यायला सांगा.

पावतीवरचा तेरा अक्षरांचा नंबर (दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी दोन अक्षरं) लगेच मोबाईलमध्ये टिपून ठेवा. पावतीची छपाई उष्णतेनं होते. कपाटात पडून राहिली की फिकट होत जाते. ट्रॅकिंगवर "डिलिव्हर्ड" दिसलं तरी ते केंद्राच्या दारापर्यंतचं असतं. त्याच्या हाती पडायला आणखी एक-दोन दिवस धरा.

काय पाठवायचं, यात मागं बायको असलेल्या घरी हमखास एक घोटाळा होतो. आधारवर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं, बँकेत तिसरंच. असा संच गेला की कार्यालयातून परत येतो, आणि एकेका फेरीत पंधरा दिवस जातात. तो जायच्या आधीच गावातल्या विवाह निबंधकाकडून, म्हणजे ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (जुनं नाव ग्रामसेवक), लग्नाचा दाखला काढा, त्यावरून आधार दुरुस्त करा, मग त्या आधारवरून बँक आणि पॅन. क्रम उलटा केला तर सगळं पुन्हा करावं लागतं. मूळ दाखला स्पष्ट मागितल्याशिवाय पाठवू नका. साक्षांकित प्रती पाठवा. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव आधारशी अक्षरानं जुळतंय का ते पाहा. "सौ." किंवा "बाई" एका कागदावर आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरूनही कागद परत आलेले आहेत.

आता पार्सल. इथं मन घट्ट करावं लागतं. सांगलीचं भडंग, साताऱ्याचे कंदी पेढे, डिंकाचे लाडू पाठवावेसे वाटतात, पण बऱ्याच केंद्रांत बाहेरचा खाऊ घेऊ देत नाहीत, आणि पार्सल उघडून बघतात असं धरूनच बांधायचं. आधी त्याला विचारा. परवानगी असेल तरी पेढे नकोत: खवा भाजलेला असला तरी उन्हाळ्यात थैलीत चार दिवसांत आंबतो. भडंग पोचेपर्यंत सादळतं, आणि त्याचं तेल झिरपून पत्ता पुसला जातो. खाण्यातला टिकणारा एकच जिन्नस म्हणजे तासगावचे बेदाणे. पाव किलो, जाड पिशवीत, हवा काढून. लाडू द्यायचेच असतील तर भेटीच्या दिवशी हातानं द्या.

खाऊपेक्षा कामाच्या वस्तू पाठवा, त्याही त्यानं नाव घेऊन मागितल्या असतील तरच. मोजे, बनियन, टाचांच्या भेगांचं मलम, सुई-दोरा, पासपोर्ट फोटो. हे सगळं ५०० ग्रॅमच्या आत बसवता आलं तर उत्तम. तेल, बाम अशा पातळ किंवा पेट घेणाऱ्या वस्तू, सुटी बॅटरी, पॉवर बँक काउंटरवरच नाकारतात. रोख पैसे साध्या टपालातून पाठवायला मनाई आहे. बांधणी जुनीच चांगली: आत प्लास्टिक, वर पुठ्ठ्याचा खोका, त्यावर मांजरपाट घट्ट शिवलेलं. पत्ता कापडावर पक्क्या शाईनं लिहा आणि तोच पत्ता एका चिठ्ठीवर खोक्याच्या आतही ठेवा. बाहेरचा पत्ता फाटला तर आतली चिठ्ठी कामी येते. राखीचा हंगाम आला की मोठ्या पोस्टांत पाण्यापासून वाचणारी राखीची खास पाकिटं मिळतात. ती घ्या आणि सणाच्या किमान दहा दिवस आधी टाका. कुंकू-अक्षता घालायच्या तर छोट्या प्लास्टिक पुडीत, नाहीतर सगळ्या पाकिटाला रंग लागतो.

आता पैसे. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३०,००० ठरलेले आहेत. त्यातले ९,००० सेवा निधीत (चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या पैशांत) जातात, हातात २१,००० येतात. तो ते घरच्या खात्यात टाकतो, पण खातं तालुक्याच्या बँकेत आणि घर वस्तीवर. जत, आटपाडी, माण, खटावकडच्या वस्त्यांना एटीएम म्हणजे एसटीचा अर्धा दिवस. इथं १ सप्टेंबर २०१८ ला सुरू झालेल्या इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा उपयोग होतो. आधारशी जोडलेलं कोणत्याही बँकेचं खातं असो, खातेदारानं पोस्टमनच्या यंत्रावर बोट लावलं की तो घरीच रोख देतो. एका वेळी १०,००० पर्यंत.

अडतं ते चार ठिकाणी. शेतात राबणाऱ्या बाईच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र ओळखत नाही. हात कोमट पाण्यानं धुऊन, पुसून, दुसरं बोट लावून पाहा. तरीही नाही तर चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय विचारा आणि आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्यानं द्या. दुसरं, कुणीतरी सुरक्षेसाठी आधारचं बायोमेट्रिक लॉक केलेलं असतं आणि घरात कुणाला आठवत नाही. तिसरं, घरात दोन खाती आधारला जोडलेली असतात आणि भलत्याच बँकेचं नाव निवडलं जातं. चौथं, पोस्टमनच्या पिशवीत तेवढी रोख नसते. ५,००० च्या वर हवे असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. खात्यातून रक्कम वजा झाली आणि हातात आली नाही, तर पावती जपा. ती पाच दिवसांत परत यायला हवी, आणि त्यापुढं उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. तक्रार मात्र आपण आपल्या बँकेत करायची. त्या पोस्टमनशी भांडून उपयोग नाही. त्याच्या यंत्रातला व्यवहार त्याच्या हातात नसतो.

शिल्लक राहत असेल तर पोस्टाचं आवर्ती खातं, म्हणजे आरडी, या घरांना शोभतं. महिना १०० रुपयांपासून, पाच वर्षं. १ ऑक्टोबर २०२३ पासून दर ६.७ टक्के ठरला. दर तिमाहीला जाहीर होतो, उघडताना जो असेल तो शेवटपर्यंत राहतो. खातं १५ तारखेपर्यंत उघडलं तर दर महिन्याचा हप्ता १५ पर्यंत भरायचा, १६ नंतर उघडलं तर महिनाअखेरपर्यंत. पगार महिन्याच्या शेवटी पडतो, म्हणून १५ च्या आत उघडलेलं सोयीचं: पैसे हातात येतात आणि भरायला दोन आठवडे मिळतात. चुकलेल्या हप्त्याला शंभराला महिना एक रुपया दंड. चार हप्ते चुकेपर्यंत निभतं. त्यानंतर दोन महिन्यांत चालू करून घेतलं नाही तर खातं बंद पडतं. ट्रेनिंगच्या पहिल्या एक-दोन महिन्यांत पगार खात्यात पडायला उशीर होऊ शकतो, तेव्हा तिसऱ्या पगारापासून सुरू करा आणि रक्कम छोटी ठेवा. मोठी आरडी उघडून तीन हप्त्यांत अडकण्यापेक्षा ५०० ची नीट चाललेली बरी.

कसम परेड, म्हणजे ट्रेनिंग संपतानाची शपथेची परेड, जवळ आली की पत्रांचा हिशेब बदलतो. तारीख कळली की तिच्या दहा दिवस आधी शेवटचं पत्र टाका, त्यानंतर नको. तो सुट्टीवर घरी येतो, तिथून थेट युनिटला, म्हणजे नेमणुकीच्या तुकडीत, जातो, आणि उशिरा निघालेलं पत्र जुन्या कंपनीत पोचतं. परेडला जाणार असाल तर पुणे-हुबळी वंदे भारत सातारा, सांगली, मिरज आणि बेळगावला थांबते, पण ती रोज नाही. दिवस बघूनच बेत करा. सुट्टीत तो घरी असताना कोऱ्या आंतरदेशीय पत्रांचा नवा गठ्ठा आणून ठेवा, आणि युनिटचा पत्ता त्याच्याकडूनच त्याच्या हातानं लिहून घ्या: नंबर, हुद्दा, नाव, युनिट, ९ ने सुरू होणारा पिन, ५६ एपीओ. त्याखाली गावाचं नाव नको.